विरजण

जानेवारीत चार तास मशीनला बांधून घेतलं.
एका हातातून रक्त गेलं, दुसऱ्यातून परत आलं,
मधल्यामधे मशीनने चिमूटभर काढून घेतलं.
कोपर वाकवायचं नाही.
नाक खाजलं तर ताइस्तोला सांगायचं.
चाळीस वर्षांच्या संसारात
नेमकं कुठे खाजतंय
हे त्याला अजून सापडत नाही.

दोन पिशव्या भरल्या, हिरड्यांच्या रंगाच्या.
त्यांवर माझं नाव, जन्मतारीख,
आणि मुक्काम उणे दीडशे अंशांत.
बाहेर औलूत उणे एकतीस होतं.
ताइस्तो मफलर गुंडाळत म्हणाला,
तुझ्यापेक्षा आम्ही उबेत आहोत.

मार्चमध्ये ते औषध, हाडांच्या आतलं घासूनपुसून काढणारं.
ते चढत असताना बर्फ चघळायचा,
म्हणजे तोंड फारसं सोलवटत नाही.
हिल्लेवी पेल्यांमागून पेले आणत राहिली.
सत्तावीस वर्षं मी बर्फावरून बस चालवली.
बर्फ खायची वेळ आली नव्हती.

मग शून्याचा दिवस. इथे त्याला तसंच म्हणतात.
कोमट पाण्यात एक पिशवी सोडली,
बाळाची बाटली सोडतात तशी,
आणि वीस मिनिटांत
जानेवारीतली मी मार्चमधल्या माझ्यात उतरले.
तिला काहीच माहीत नव्हतं.
केस गेलेले, चव गेलेली,
उशीखालचा रुमाल.
तिच्या लेखी अजून तोच मंगळवार.

वास मला आला नाही. बाकी सगळ्यांना आला.
मका उकडल्याचा, म्हणाली सफाईला येणारी नादिफो.
लसणाचा, म्हणाले डॉक्टर.
ताइस्तो काही बोलला नाही,
फक्त खिडकीकडे गेला.
ती खिडकी उघडत नाही.

शून्य.
शून्य.
शून्य.
रोज सकाळी फळ्यावर.
फुलं नकोत, कुंडी नको, सालासकट सफरचंद नको,
व्हीली नको.
व्हीली म्हणजे आमचं तारेचं दही.
विरजण सासूकडून आलेलं, तिला तिच्या सासूकडून:
तळाशी चमचाभर राखायचं, वर नवं दूध ओतायचं.
जिवंत म्हणून मला बंद.

ताइस्तोने जन्मात कधी दही खाल्लं नाही.
तरी तो ते लावत राहिला, दिवसाआड,
घरात खाणारं कुणी नसताना.
चमचाभर राखायचा,
उरलेलं शेजाऱ्यांच्या रुस्कोला.
कुत्रा किती सुटलाय
हे मी मे महिन्यात पाहिलं.

अकराव्या दिवशी शून्य पूर्णांक एक.
हिल्लेवीने आकडा लिहिला आणि वळून माझ्याकडे बघितलं.
मला काही वाटलं नाही, झोप येत होती.
आनंद फार नंतर आला, घरी, जिन्यात,
एक बूट चढवलेला असताना,
थांबा चुकलेल्या उतारूसारखा.

शरदात लशी सुरू झाल्या, पहिल्यापासून.
लहानपणीचं सगळं रक्त विसरलेलं.
बाकावर शेजारी सात महिन्यांची एक मुलगी.
आम्हा दोघींचे केस सारखेच.
ती रडली.
साठी उलटल्यावर ते शोभत नाही,
म्हणून मी तिच्या आईची पिशवी धरली.

बरी झालीस, असं डॉक्टर म्हणत नाहीत.
रजा, म्हणतात.
किती दिवसांची, ते लिहून देत नाहीत.

दुसरी पिशवी तिथेच आहे,
उणे दीडशेत, लागली तर म्हणून राखलेली.
तिच्यातली मी अजून
कोपर न वाकवता बसले आहे,
नाक खाजतंय,
आणि ताइस्तो वाकून विचारतोय,
इथे?
जरा वर?